रशियन घरी पहिल्यांदा जाताय? मग आधी हे वाचा

रशियात शिकायला किंवा कामाला आलेल्या आपल्या पोरापोरींना पहिल्या काही महिन्यांत कुणी ना कुणी घरी बोलावतंच. वर्गातली मैत्रीण, घरमालकीणबाई, रशियन शिकवणाऱ्या मॅडम, कुणीही. आणि बोलावलं की ते खरंच बोलावणं असतं, 'या ना कधीतरी' टाइप नसतं, ती बाई आदल्या रात्रीपासून बटाटे उकडून सॅलडं चिरत बसलेली असते. टेबलावर बसल्यावर मराठी माणूस फारसा चुकत नाही, कारण आग्रह, 'अजून घ्या', नको म्हटल्यावर दुप्पट वाढणं, निघताना हातात डबा कोंबणं हे सगळं आपल्याला घरूनच पाठ असतं. गडबड होते ती त्याच्या आधी, म्हणजे फोनवर, फुलांच्या दुकानात आणि उंबरठ्यावर. मी मेडिकलला व्होल्गाकाठच्या शहरात होते, दर सप्टेंबरला नवे ज्युनियर्स यायचे आणि हेच प्रश्न विचारायचे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

निघण्याआधी हे जवळ आहे ना बघा:

- पासपोर्ट (रस्त्यात पोलिसांनी विचारलं तर लागतो, आणि वाइनची बाटली घेणार असाल तर काउंटरवर वय दाखवायला पण)
- रोख रूबल किंवा तिथलं मीर कार्ड. २०२२च्या मार्चपासून बाहेरच्या बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत, आपलं इंडियाचं कार्ड घेऊन केकच्या दुकानात उभं राहू नका
- पूर्ण पत्ता: बिल्डिंग, पद्येज्द म्हणजे जिन्याचं प्रवेशद्वार, मजला, फ्लॅट नंबर
- भोक नसलेले मोजे. हसू नका, का ते पुढे कळेल
- भेट आणि फुलं

१. बोलावणं आलं की लगेच खाण्यापिण्याचं सांगून टाका

शाकाहारी असाल तर हे टेबलावर बसल्यावर सांगायची गोष्टच नाही. 'मी मांस खात नाही' एवढंच म्हटलंत तर तुमच्यासाठी प्रेमाने मासा किंवा चिकन करून ठेवतील, कारण बऱ्याच आजींच्या हिशेबात मांस म्हणजे गाय आणि डुक्कर, कोंबडी त्यात धरतच नाहीत. अलिव्ये सॅलड दिसायला बटाटा-मटार-काकडी असतं पण त्यात सॉसेजचे बारीक चौकोनी तुकडे आणि अंडं असतं. बोर्श लालबुंद बिटाचं सूप दिसतं, पण ते हाडाच्या किंवा मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असण्याचीच शक्यता जास्त. खलद्येत्स तर थंड करून जेलीसारखा जमलेला मांसाचा रस्साच असतो.

यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे त्यांच्याच उपासाचा आधार घ्या. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोक ईस्टरच्या आधी मोठा पोस्त धरतात, त्यात मांस, दूध, अंडी सगळं बंद असतं. तर 'मला पोस्नए (म्हणजे या उपासाचं) जेवण चालतं, शिवाय दूध, दही, चीजपण चालतं' असं म्हटलं की बाईंच्या डोक्यात लगेच यादी तयार होते: बिटाचं व्हिनेग्रेत सॅलड, बटाट्याचे व्हारेनिकी म्हणजे उकडलेल्या करंज्या, ग्रेच्का म्हणजे बकव्हीट, मशरूम, लोणच्याच्या काकड्या, आंबवलेली कोबी. 'व्हेजिटेरियन' या शब्दावर जेवढे प्रश्न येतात त्याच्या पावपटही इथे येत नाहीत. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र उकडलेला बटाटा, ब्रेड आणि स्मेताना म्हणजे आंबट साय यावर भागवायची तयारी ठेवावी.

दारू पीत नसाल तर तेही याच फोनवर सांगा, हलकेच. कारण देत बसू नका, कारण दिलं की त्यावर चर्चा होते.

आणि विचारून घ्या की निमित्त काय आहे. वाढदिवस असेल तर एक दिवस आधी सुद्धा शुभेच्छा द्यायच्या नाहीत, अपशकुन मानतात. आपल्याकडे रात्री अकरापासून मेसेज सुरू होतात, ते तिथे नको. पुरुषाचा चाळिसावा वाढदिवस बरीच घरं साजराच करत नाहीत, तेव्हा 'पार्टी कधी' म्हणून मागे लागू नका. बाळ होणार असेल तर बाळाच्या वस्तू जन्मानंतरच न्यायच्या.

२. काय न्यायचं

रिकाम्या हाताने जायचं नाही एवढं तर आपल्यालाही माहीतच आहे. साधं चहाचं बोलावणं असेल तर चहाबरोबर खायचं काहीतरी पुरतं: केक, चॉकलेटचा बॉक्स, झेफिर म्हणजे मार्शमॅलोसारखी मिठाई, तुला शहराचा प्र्यानिक म्हणजे मसाल्याचा गोड केक, मेदोविक म्हणजे मधाचा थरांचा केक. पूर्ण जेवणाचं बोलावणं असेल तर यजमानीणबाईंना फुलं, टेबलासाठी एक गोड पदार्थ किंवा बाटली, आणि घरात लहान मूल असेल तर त्याच्यासाठी वेगळं काहीतरी छोटं. मुलासाठी नेलंत तर बाकी भेट साधी असली तरी चालून जाते, हा माझा अनुभव.

बाटली न्यायची असेल तर दुपारीच घेऊन ठेवा. दुकानांत दारू रात्री ११ ते सकाळी ८ विकायला देशभर बंदी आहे, आणि अनेक प्रांतांनी आपापल्या वेळा याहून कडक केल्या आहेत. बायकांसाठी वाइन किंवा शॅम्पेन, आजोबांसाठी आर्मेनियाची कोन्याक, हे सेफ. व्होडका त्यांच्या घरी असतेच.

इंडियातून येताना बॅगेत काय टाकून ठेवावं हे सगळे विचारतात. चहा, चहा, चहा. सोव्हिएत काळात हत्तीचं चित्र असलेल्या पुड्यातला भारतीय चहा मिळायचा, साठीच्या पुढच्या कुणालाही चहाचं पाकीट दिलंत की त्या हत्तीची गोष्ट निघते आणि मग राज कपूर आणि मिथुन येतातच, तुमचा अर्धा तास आरामात जातो. मसाल्याच्या छोट्या पुड्या चालतात पण कोणता कशात घालायचा ते लिहून द्या, नाहीतर गरम मसाला वर्षभर कपाटात पडून राहतो. उदबत्ती, चंदनाचा साबण, छोटी वारली फ्रेम, सोंड वर केलेला हत्ती, हे पण छान. आजींसाठी हिमरू शाल नेलीत तर तुम्ही त्या घरातलेच झालात समजा. बाकरवडी त्यांना तिखट लागते आणि बर्फी फार गोड, त्यामुळे खाऊ आपल्यासाठीच ठेवा.

फार महाग काही नेऊ नका, समोरचा अवघडतो, कारण मग त्यांना तुम्हाला तेवढंच परत द्यावं लागतं. प्राध्यापक किंवा डॉक्टर असतील तर अजून एक भानगड आहे. नागरी कायद्याच्या ५७५व्या कलमात अशा लोकांना द्यायच्या भेटीवर मर्यादा घातलेली आहे आणि मी तिथे असताना ती ३००० रूबल होती. फुलं आणि चॉकलेट यापलीकडे जायचंच नाही, विशेषतः परीक्षेच्या आसपास.

भेट बहुतेक घरांत तुमच्यासमोरच उघडतात. आपल्यासारखी बाजूला ठेवून देत नाहीत, तेव्हा दचकू नका.

३. फुलं: इथेच सगळे अडकतात

जिवंत माणसाला फुलं विषम संख्येत. १, ३, ५, ७. सम संख्या अंत्यविधीला आणि स्मारकांवर. आपण आहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालतो ना, तसंच लक्षात ठेवा, एक वर पाहिजे. दोन डझनांचा गलेलठ्ठ गुच्छ असेल तर मोजत कुणी बसत नाही, पण आपलं बजेट पाच ट्यूलिपचं असतं आणि पाच लगेच मोजून होतात. वाटेत एक फूल मोडलं तर अजून एक काढून टाका, चार घेऊन दारात उभं राहू नका.

पिवळी फुलं टाळा, ताटातुटीची किंवा दगाबाजीची मानतात. तरुण पोरींना त्याचं फार काही नसतं, पण आयांना असतं. लाल कार्नेशन ९ मेला युद्धस्मारकांवर वाहतात, त्यामुळे वाढदिवसाला ती नकोत. ८ मार्चला मात्र पिवळ्याजर्द मिमोसाच्या फांद्या सगळीकडे विकायला असतात आणि त्या चालतात, हा अपवाद का ते मला विचारू नका. त्या आठवड्यात फुलांचे भाव आकाशाला भिडतात, ऑर्डर आधी देऊन ठेवा.

दुकानात 'वाढदिवसासाठी हवीत' असं निमित्त सांगितलं की विकणारी बाई स्वतःच बरोबर संख्या देते. घरी मैत्रीण आणि तिची आई दोघी असतील तर आईला आधी. फक्त मैत्रिणीला नेलीत तर मुलांनो, त्याचा वेगळा अर्थ निघतो.

हिवाळ्यातली एक गोष्ट नवीन माणसाला कळतच नाही. उणे वीसमध्ये उघडा गुच्छ धरून बसस्टॉपवर थांबलात तर पोचेपर्यंत पाकळ्या काळपटतात. दुकानात ते वरून कागदाचे दोन-तीन थर बांधून देतात, अगदी तान्ह्या बाळासारखं तोंडापर्यंत गुंडाळून. दुकानाबाहेर आल्यावर 'गुच्छ दिसत नाही' म्हणून तो कागद फाडू नका. घराच्या जिन्यात शिरल्यावर सोडायचा, आत जाताना तो कागद हातात नको.

४. हे देऊ नका

चाकू-सुरी नको, भांडणं होतात म्हणतात. दिलीच तर समोरचा तुम्हाला एक नाणं देतो म्हणजे ती 'विकत' घेतली असं होतं, ते नाणं हसून घ्या. हातरुमाल नको, तो रडण्याशी जोडलाय. घड्याळ नको. पर्स किंवा पाकीट देत असाल, आपल्याकडून पैठणीच्या काठाच्या पर्सेस खूप लोक नेतात, तर आत एक नाणं टाकूनच द्या, रिकामी द्यायची नाही.

हे सगळे मानतात का? नाही. माझ्या ओळखीची अर्धी माणसं डॉक्टर होती आणि हसत हसत हे सगळं पाळायची. आपण नाही का मांजर आडवं गेल्यावर दोन मिनिटं थांबत.

५. पोचताना आणि दारात

आधी मजला. रशियात तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, म्हणजे त्यांचा पाचवा म्हणजे आपला चौथा. लिफ्ट नसलेल्या जुन्या पाचमजली बिल्डिंगमध्ये एक जिना जास्त चढून भलत्याच्या दाराची बेल वाजवणारे बरेच पाहिलेत. खालच्या लोखंडी दाराला दामाफोन असतो, त्यावर फ्लॅट नंबर दाबून मग घंटीचं किंवा इंग्रजी बीसारखं दिसणारं बटण दाबायचं. एका बिल्डिंगला पाच-सहा पद्येज्द असू शकतात, टू-गिस या नकाशाच्या ॲपवर प्रत्येकाचा फ्लॅट नंबर दिसतो, बर्फात चकरा मारण्यापेक्षा घरूनच बघून निघा. वेळेआधी पोचू नका, पाच-दहा मिनिटं उशीर चालतो, अर्धा तास होणार असेल तर फोन करा.

दार उघडलं की सगळ्यात महत्त्वाचं: उंबरठ्यावरून काहीही द्यायचं-घ्यायचं नाही. हात मिळवायचा नाही, फुलं पुढे करायची नाहीत, मिठी नाही. आधी दोन्ही पाय आत, मग नमस्कार-चमत्कार. आपण एक्साइट होऊन बाहेरूनच हात पुढे करतो आणि समोरचा मागे सरकतो, मग वाटतं काय चुकलं बुवा. पुरुषांनी हात मिळवताना ग्लव्ह काढायचा. बायकांच्या बाबतीत, त्यांनी हात पुढे केला तर मिळवा, नाहीतर हसून मान हलवली तरी पुरे.

मग बूट काढायचे, हे आपल्याला सांगायला नकोच. तिथे तुम्हाला तापच्की म्हणजे घरात घालायच्या सपाता देतात, त्या घालायच्या, 'नको, मी मोज्यांवरच बरी' म्हटलं तर आजी ऐकत नाहीत, थंड फरशीवरून आजारपण येतं यावर त्यांचा ठाम विश्वास असतो. बूट काढताना मोजे सगळ्यांना दिसतात, आता कळलं ना. टोपी आणि मफलर कोटाच्या बाहीत कोंबायचे आणि कोट आतल्या मानेजवळच्या लुपीने खुंटीला अडकवायचा. इंडियातून आणलेल्या जॅकेटला बऱ्याचदा लुपी नसते किंवा तुटलेली असते, शिवून घ्या, नाहीतर तुमचा कोट सारखा खाली पडतो आणि बाई सारखी उचलते. बाहेर कितीही गारठा असो, घरात रेडिएटरमुळे चांगलंच गरम असतं, जाड स्वेटरच्या आत बरा दिसेल असा शर्ट घाला. मग हात धुवायला बाथरूम दाखवतील. जुन्या घरांत संडास आणि न्हाणी वेगवेगळी असतात, अगदी आपल्या चाळीसारखी, चुकीचं दार उघडू नका.

मोठ्यांना हाक मारताना नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही घ्यायचं. वडील सेर्गेय असतील तर मुलगी सेर्गेयेव्ना आणि मुलगा सेर्गेयेविच. आपलं मधलं नाव वडिलांचंच असतं त्यामुळे मराठी माणसाला हे पटकन जमायला हवं, आणि तुमचं मधलं नाव सांगितलंत तर त्यांना भारी आनंद होतो, लगेच तुमचंही रशियन नामकरण होतं.

६. टेबलावर

सुरुवातीला जे दहा वाट्यांत मांडलेलं असतं ते जेवण नाही. त्या झाकुस्की. सॅलडं, लोणची, ब्रेड, चीज, सेल्योद्का पद शुबोय म्हणजे हेरिंग माशावर बिटाचा जाड थर. त्यावर पोट भरलं की मग सूप येतं, मग गरम मेन पदार्थ, मग सगळं उचलून चहा आणि केक. तेव्हा बेतानं. ताट पूर्ण साफ केलंत की परत वाढतात, थोडंसं ठेवलंत की सुटका.

चहा आपल्यासारखा उकळत नाहीत. किटलीत कडक कोरा चहा करून ठेवतात, तो थोडा कपात ओतून वर उकळतं पाणी. दूध मागितलंत तर देतील पण जरा बघतील. व्हारेन्ये म्हणजे घरचा पातळसर जॅम छोट्या बशीत घेऊन चमच्याने खायचा आणि वर चहाचा घोट. कझानमध्ये एखाद्या तातार घरी गेलात तर मात्र दुधाचा चहा मिळेल आणि बरोबर चाकचाक म्हणजे मधातली तळलेली मिठाई, तिथे आपल्याला एकदम माहेरी आल्यासारखं होतं. तातार घरं बहुतेक मुस्लिम असतात, तिकडे नेताना बाटली आणि डुकराचं काही नको.

घरात शिट्टी वाजवू नका, पैसा जातो. लग्न न झालेल्या मुलीला टेबलाच्या कोपऱ्यावर बसू देत नाहीत, सात वर्षं लग्न होत नाही म्हणे. मला हटकून उठवायचे.

राजकारण आणि युद्ध हा विषय स्वतःहून काढू नका. एकाच टेबलावर कुणाचा मुलगा कुठे असेल आणि कुणाचं मत काय असेल आपल्याला माहीत नसतं. आणि परदेशी विद्यार्थ्याने तर अजूनच गप्प.

७. टोस्ट आणि ग्लास

एकटं एकटं घोट घेत बसणं बरं दिसत नाही, टोस्ट झाला की सगळे मिळून. पहिला टोस्ट बहुतेक भेटीचा किंवा ज्याचा दिवस आहे त्याचा, पुढे आईवडिलांचा, तिसरा बऱ्याच घरांत प्रेमाचा. पण लष्करातली माणसं असतील तर तिसरा टोस्ट गेलेल्या साथीदारांसाठी असतो, उभं राहून, गप्प, आणि ग्लासला ग्लास लावायचा नाही. कळत नसेल तर शेजारच्याकडे बघा आणि तो करेल तसं करा. कुणाच्या निधनानंतरच्या जेवणाला गेलात तरी ग्लास लावायचे नाहीत.

पाहुण्याकडून एक टोस्ट अपेक्षित असतो. घरून दोन वाक्यं रशियनमध्ये पाठ करून जा: घराला धन्यवाद, आईच्या हाताच्या चवीला धन्यवाद. व्याकरण चुकलं तरी टाळ्या मिळतात. न पिणाऱ्यांनी मोर्स किंवा कम्पोत या फळांच्या सरबताचा ग्लास उचलायचा, तो चालतो. जिथे चालत नाही, काका फारच मागे लागलेत, तिथे 'अँटिबायोटिक चालू आहे' हा देशव्यापी मान्यता असलेला बहाणा आहे. रिकामी बाटली टेबलावर ठेवत नाहीत, खाली फरशीवर ठेवतात.

८. निघणं आणि त्यानंतर

होस्टेलचं दार किती वाजता बंद होतं ते आधी बघून ठेवा, कारण 'निघते' म्हटल्यापासून खरंच निघेपर्यंत भरपूर वेळ जातो. दारात कोट घालून झाल्यावरही गप्पा चालू राहतात. लांबच्या प्रवासाला निघणार असाल तर सगळे मिनिटभर गप्प बसतात, तुम्हीही बसा. काही विसरून परत आत गेलात तर बाहेर पडण्याआधी आरशात बघायला सांगतील.

घरी पोचल्यावर 'पोचले' असा मेसेज टाकाच. नाही टाकलात तर फोन येतो.

डब्याबरोबर लोणच्याची किंवा जॅमची काचेची बरणी दिली असेल तर ती धुऊन परत करायची. ही फेकून देणारे आपले खूप जण आहेत. उन्हाळ्याच्या शेवटी आजी पन्नास बरण्या भरते आणि तिला एकेक बरणी मोजून माहीत असते. परत देताना रिकामी देऊ नका, हे तर आपल्याकडेही तसंच आहे, मूठभर काजू घातले तरी पुरे.

९. दाचावर बोलावलं तर

दाचा म्हणजे शहराबाहेरचं बागेतलं छोटं घर, मे महिन्यापासून तिथली बोलावणी सुरू होतात. इथे फुलंबिलं नकोत, शाश्लिकसाठीचं (सळईवर भाजायचं) मांस कोण आणतंय ते विचारा आणि तुम्ही भाजी, ब्रेड, रस, कोळसा यातलं काही घ्या. शाकाहारी लोकांनी मशरूम, ढोबळी मिरची, वांगी न्यावीत, सळईला लावून मस्त होतात. मळलेले चालतील असे कपडे, डासांचा स्प्रे, आणि बान्या म्हणजे वाफेची न्हाणी असेल तर टॉवेल आणि रबरी चपला. परतीच्या शेवटच्या लोकलची वेळ जाताना स्टेशनवरच फोटो काढून ठेवा. काम मागून घ्या, बटाटे सोला, पाणी घाला. नुसतं खाटेवर बसलेला पाहुणा दाचावर कुणाला आवडत नाही.

१०. परत बोलावणं

महिना-दोन महिन्यांत त्यांना उलट बोलवायला हवं. होस्टेलच्या खोलीत बोलावलंत तरी चालतं, स्टुलावर ताटं मांडली तरी कुणी नाव ठेवत नाही. मिरची नेहमीच्या पावपट घाला आणि वर एक मोठं भांडं स्मेताना ठेवा. पुऱ्या फुगताना बघायला सगळे गॅसभोवती गोळा होतात, म्हणून तळण त्यांच्यासमोरच करा. साबुदाणा खिचडी मात्र करू नका, तो चिकट पोत त्यांना झेपत नाही.